मिटला की बंद केला?

या अंकात तीन पत्रं घेतली आहेत. तिन्ही लॅपटॉपच्या झाकणाशी संबंधित आहेत, म्हणून एकत्र घेतली. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण तसाच प्रश्न माझ्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात मला आठवड्यातून एकदा तरी कुणी ना कुणी विचारतं.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही लालबागला चाळीत राहतो. दहा बाय पंधराची खोली, वर पोटमाळा. धाकटा मुलगा आठवड्यातले तीन दिवस घरून काम करतो. टेबलावर त्याने मोठा मॉनिटर आणलाय, कीबोर्ड आणि माऊस वेगळे आहेत. लॅपटॉप मात्र मिटून टीव्हीच्या शोकेसमध्ये खालच्या कप्प्यात सरकवून ठेवतो. सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत तो तसाच चालू. परवा धूळ पुसताना माझा हात लागला, तर चटका बसेल इतका गरम. मी घाईने झाकण उघडलं, तर मॉनिटरवरचं सगळं इकडचं तिकडे झालं आणि मुलगा नेमका मीटिंगमध्ये होता. तेव्हापासून रोज वाद आहे. मी म्हणते, भांड्यावर झाकण ठेवलं की आतलं तापणारच. तो म्हणतो, आई, झाकणाचा काही संबंध नाही, ऑफिसातही सगळे असंच करतात. कोण बरोबर? आणि रात्रीही तो तसाच चार्जिंगला असतो, त्याची मला फार भीती वाटते.
— एक वाचक, लालबाग

उत्तर : काकू, झाकणाबाबत तुमच्या मुलाचं बरोबर आहे आणि तापण्याबाबत तुमचं. तुमच्या वादात ज्याचं नावही निघालेलं नाही, तो शोकेसचा खालचा कप्पा याला कारण आहे. पण एवढ्यावर मुलगा ऐकायचा नाही आणि तुमचीही काळजी जायची नाही, म्हणून सविस्तर लिहिते. हे उत्तर त्यालाही वाचायला द्या.

भांड्यातल्या वाफेला बाहेर पडायला तोंड ही एकच वाट असते, म्हणून झाकण ठेवलं की ती कोंडते. लॅपटॉपची वाट वेगळीकडून आहे. तापणारं सगळं सामान खालच्या अर्ध्यात, कीबोर्डच्या पोटात असतं. तिथे मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य पट्टीवर, अंगठ्याच्या नखाएवढा प्रोसेसर, म्हणजे सगळं काम करणारी मुख्य चिप, बसवलेला असतो. त्याला पेस्ट लावून तांब्याची चपटी नळी टेकवलेली असते, तिला आम्ही हीट पाइप म्हणतो. ही नळी आतून पोकळ. हवा काढून टाकून तिच्यात अगदी थोडा द्रव, बहुतेक वेळा पाणीच, भरून तोंड सील केलेलं असतं. हवा नसल्यामुळे ते पाणी शंभर अंशांची वाट न पाहता खूप आधीच उकळतं. प्रोसेसरकडच्या टोकाला त्याची वाफ होते, ती दुसऱ्या टोकाला धावते, तिथे निवून पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या बारीक जाळीतून झिरपत माघारी येते. त्या दुसऱ्या टोकाला धातूच्या पातळ पात्यांची फणी असते आणि तिच्या शेजारी पंखा. पंखा खालच्या जाळीतून हवा ओढतो आणि फणीतून मागे किंवा कडेला फेकतो. मी इतकी वर्षं लॅपटॉप खोलते आहे, पण ही नळी हातात घेतली की अजूनही मला तिचं कौतुक वाटतं. एकही हलता भाग नाही, आवाज नाही, आणि काम चोवीस तास.

या सगळ्या वाटेत झाकण येत नाही. झाकणात पडदा असतो, कॅमेरा असतो, वाय-फायच्या तारा असतात. मिटल्यावर पडदा विझतो, म्हणजे त्याची वीज उलट वाचते.

मग मिटल्याने काहीच फरक पडत नाही का? थोडा पडतो, आणि तो तुमच्या मुलाच्या हिशेबात नाही. उघड्या लॅपटॉपची काही उष्णता कीबोर्डच्या पृष्ठभागावरून आपली आपण वर निघून जाते. मिटला की ती वाट बुजते. किती फरक पडेल ते लॅपटॉप कोणत्या घडणीचा आहे त्यावर ठरतं. खालून हवा घेऊन कडेने फेकणाऱ्या लॅपटॉपला मिटल्याचं फारसं काही वाटत नाही. काहींची गरम हवा बिजागरीपाशी, पडद्याच्या बुडाशी निघते. मिटल्यावर ती फट किती उरते ते बघावं लागतं. काही लॅपटॉप, विशेषतः गेम खेळण्यासाठीचे, कीबोर्डच्या फटींतूनही हवा आत घेतात. ते मिटून जोराच्या कामाला लावू नयेत. आणि काहींना पंखाच नसतो. ॲपलच्या मॅकबुक एअरमधून २०२० साली पंखा गेला, त्याची सगळी उष्णता अंगातूनच बाहेर पडते. तरीही वेगळा मॉनिटर, कीबोर्ड-माऊस आणि अडॅप्टर जोडून मॅकबुक मिटून वापरायची सोय ॲपलने स्वतःच दिलेली आहे. मिटून चालवणं मुळातच घातक असतं, तर बनवणाऱ्यांनी ती दिली नसती.

'मिटून चालवू नका' हा सल्ला आला कुठून, तेही सांगते. मी हे काम १९९८ साली लॅमिंग्टन रोडवर शिकले, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर. तेव्हा हातात येणाऱ्या काही लॅपटॉपांची बरीचशी उष्णता कीबोर्डमधूनच वर निघायची, आणि त्यांच्यापुरता तो सल्ला खरा होता. मीही पुढे कित्येक वर्षं गिऱ्हाइकांना तेच सांगत राहिले. मग एक गृहस्थ तीन महिन्यांत दुसऱ्यांदा तोच लॅपटॉप घेऊन आले. म्हणाले, तुम्ही सांगितल्यापासून उघडाच ठेवतोय, तरी तापून बंद पडतो. मी त्यांच्या घरी गेले. लॅपटॉप उघडा होता खरा, पण सेट-टॉप बॉक्सवर ठेवलेला. खालची हवा घ्यायची जाळी बरोबर त्या तापलेल्या डब्यावर. त्या दिवसापासून मी 'झाकण कसं असतं' हे नंतर विचारते आणि 'लॅपटॉप कुठे ठेवता' हे आधी.

तुमच्या शोकेसमध्ये तेच चाललंय. कप्पा मागून प्लायवूडने बंद, दोन्ही बाजूंनी बंद, वर फळी. पंखा गरम हवा मागे फेकतो, ती प्लायवर आपटते, कप्प्यातच फिरते आणि खालच्या जाळीतून परत आत जाते. खिडकीचा एसी खिडकीत न बसवता खोलीच्या मधोमध ठेवून चालवला तर काय होईल, तसं. मुलाच्या अडॅप्टरवर बारीक अक्षरांत ६५ वॅट किंवा तसा काही आकडा असेल. तितकी वीज तो सतत ओढत नाही, पण जेवढी ओढतो ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णताच होते. जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब तुम्हाला आठवत असेल. तो शोकेसच्या कप्प्यात दिवसभर लावून ठेवायला तुम्ही तयार झाला नसता.

मागच्या मे महिन्यात मी हे माझ्या टेबलावर करून पाहिलं. माझा गाळा परळला आहे, एसी नाही, भिंतीवरच्या तापमापकात दुपारी ३३ अंश. एक साधा ऑफिसचा लॅपटॉप, बाहेर मॉनिटर जोडलेला, त्यावर प्रत्येक वेळी तेच एक काम लावलं आणि प्रोसेसरचं तापमान दाखवणारं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालू केलं. उघडा ठेवून अर्धा तास झाला तेव्हा ७२ अंश. मिटून अर्धा तास, ७५. मग तोच मिटलेला लॅपटॉप हत्यारांच्या कपाटातल्या लाकडी कप्प्यात सरकवला, पुढून उघडा आणि मागून बंद. विसाव्या मिनिटाला ९३ अंश, आणि पंख्याचा आवाज रस्त्यावर ऐकू यावा इतका. एका लॅपटॉपचे हे आकडे आहेत, तुमच्याकडचे वेगळे येतील. पण झाकणामुळे तीन अंश आणि कप्प्यामुळे आणखी अठरा, हे प्रमाण मी स्वतः पाहिलेलं आहे.

मुलाला आणखी एक गोष्ट सांगा, ती त्यालाही नवीन असेल. बऱ्याच लॅपटॉपांत दोन ग्राफिक्स, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणारे भाग, असतात. एक प्रोसेसरमधलंच, कमी वीज खाणारं, आणि एक वेगळी ताकदवान चिप. अशा कित्येक मशिनांत बाहेरच्या मॉनिटरची केबल जिथे लावतो ते एचडीएमआयचं भोक थेट त्या ताकदवान चिपला जोडलेलं असतं. म्हणजे मॉनिटर लावला की ती चिप जागी झाली आणि दिवसभर जागीच राहिली, मग तुम्ही नुसती एक्सेलची शीट का बघत असेना. झाकण मिटलं आणि तापायला लागला असं लोकांना वाटतं, कारण मॉनिटर लावणं आणि झाकण मिटणं एकाच वेळी होतं. त्याच्या लॅपटॉपला टाइप-सी चं भोक असेल आणि मॉनिटरलाही असेल, तर त्यातून जोडून पाहावं. काही मशिनांत ते पहिल्या, कमी खाणाऱ्या ग्राफिक्सवर चालतं आणि फरक हाताला कळतो.

आता तुमची भीती. प्रोसेसर तापून लॅपटॉप पेट घेईल असं मनातून काढून टाका. शंभर अंशांच्या आसपास गेला की प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो, आणि तरीही भागलं नाही तर मशीन आपोआप बंद पडतं. 'मीटिंगमध्ये अडकतोय, इंटरनेट वाईट आहे' अशी मुलाची तक्रार असेल, तर त्यातला काही दोष इंटरनेटचा नसून या कमी झालेल्या वेगाचा असू शकतो.

पण बॅटरीबाबत तुमची काळजी रास्त आहे. लिथियमच्या बॅटरीला दोन गोष्टी खातात. एक उष्णता, दुसरी म्हणजे सतत शंभर टक्के भरलेलं राहणं. तुमच्या शोकेसमध्ये दोन्ही एकत्र आहेत. चार्जिंग पूर्ण झालं की सर्किट ते थांबवतं, त्यामुळे बॅटरीत जास्तीची वीज भरली जाते असं नाही. ती भरलेल्या अवस्थेत तापत पडते, आणि म्हातारी लवकर होते. म्हातारपणी काही बॅटऱ्यांच्या आत वायू साठतो आणि त्या फुगतात. फुगलेली बॅटरी खालून ढकलते, त्यामुळे टचपॅड वर उचलला जातो, क्लिक नीट होत नाही, झाकण पूर्ण मिटत नाही, लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगतो.

मिटून चालवण्यातला जो धोका मला सर्वांत मोठा वाटतो तो इथे आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. रोज लॅपटॉप उघडणाऱ्याला टचपॅड वर आलेला लगेच दिसतो. मिटून शोकेसमध्ये ठेवणारा महिनोन् महिने त्याकडे बघतच नाही. २०२१ साली, घरून काम सुरू होऊन वर्ष उलटल्यावर, माझ्याकडे असे चार लॅपटॉप आले. चारही मिटून वापरलेले, चारही जणांना बॅटरी फुगल्याचं कळलं ते मॉनिटर बिघडल्यावर किंवा प्रवासासाठी लॅपटॉप बाहेर काढल्यावर. एकाचा कीबोर्ड मधून वर वाकलेला होता आणि त्याने पडद्यावर आतून दाब दिला होता. बॅटरीबरोबर पडदाही गेला.

म्हणून घरात एक नेम करा. दर रविवारी लॅपटॉप बाहेर काढायचा, उघडायचा, टचपॅडवरून बोट फिरवायचं, टेबलावर ठेवून डुगडुगतो का बघायचं. हे तुम्ही स्वतः करू शकता, त्याला कॉम्प्युटर यायला लागत नाही. जरा जरी फुगवटा वाटला तर अडॅप्टर काढा, लॅपटॉप बंद करा आणि दुरुस्तीला न्या. दाबून बसवायचा प्रयत्न कुणी करू नये, टोचू तर अजिबात नये. काढलेली बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायची नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यायची.

रात्री मशीन पूर्ण बंद करायला सांगा आणि भिंतीवरचं बटणही बंद. आणि लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, बहुतेक कंपन्या हल्ली ती देतात. मुलगा दिवसभर अडॅप्टर लावूनच बसतो, त्याला शंभर टक्क्यांचा उपयोग नाही. ती सोय आजच चालू करावी.

ठेवायचा कुठे? दहा बाय पंधरामध्ये जागा काढणं मला माहीत आहे, माझं बालपण काळाचौकीच्या चाळीत गेलं. मिटलेला लॅपटॉप उभा धरणारे स्टँड मिळतात, ते टेबलावर वहीएवढीसुद्धा जागा घेत नाहीत. मॉनिटरच्या शेजारी उभा ठेवायचा, फक्त जाळीची बाजू स्टँडच्या खाचेत दाबली जाणार नाही हे बघायचं. स्टँड नको असेल तर मॉनिटरच्या खाली आडवा ठेवा आणि चारही कोपऱ्यांखाली पाण्याच्या बाटलीची प्लास्टिकची झाकणं सरकवा. खालून बोटभर हवा खेळली तरी फरक पडतो. मागच्या बाजूला भिंतीपासून वीतभर अंतर. गादी, उशी, गोधडी यांच्यावर चालू लॅपटॉप नको, मिटलेला नको आणि उघडाही नको. पोटमाळ्यावर तर नकोच. मॅकबुकसाठी ॲपल १० ते ३५ अंशांची खोली सांगते. पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर मे महिन्याच्या दुपारी ३५ च्या वर जायला वेळ लागत नाही.

हवा कुठून आत जाते आणि कुठून बाहेर येते हे कळत नसेल, तर पतंगाच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी कापा. लॅपटॉप जोराच्या कामावर असताना ती एकेका जाळीजवळ धरा. आत जाणारी हवा पट्टी चिकटवून घेते, बाहेर येणारी फडफडवते. जिथे पट्टी हलतच नाही आणि जाळी तर आहे, तिथे धूळ बसली आहे असं समजा.

आणि धूळ तुमच्याकडे असणारच. लालबाग-परळमध्ये आज कुठल्या गल्लीत इमारत पाडणं किंवा बांधणं चालू नाही? सिमेंटची ती बारीक धूळ, त्यात पावसाळ्यातली दमट हवा, त्यात स्वयंपाकघरातला फोडणीचा तेलकटपणा. चाळीत स्वयंपाकघर आणि लॅपटॉप यांच्यात बहुधा एक पडदाच असतो. या तिन्हींचा मिळून फणीवर नमद्यासारखा थर जमतो. मी चिमट्याने तो अखंड काढून गिऱ्हाइकाच्या हातात देते, तेव्हा कुठे त्यांना पटतं. बाहेरून ब्लोअर मारून हा थर निघत नाही, उलट आत ढकलला जातो. आणि ब्लोअर मारताना पंखा धरून ठेवला नाही तर तो भलत्या वेगाने फिरून त्याचं बेअरिंग जातं. वर्षातून एकदा मागचं कव्हर खोलून साफ करून घ्या, इमारतीचं काम शेजारीच असेल तर दोनदा. तीन-चार वर्षं झाली असतील तर प्रोसेसरवरची पेस्टही बदलायला सांगा. ती सुकून खडूसारखी होते.

काकू, आणि मीटिंग चालू असताना झाकण उघडू नका. दुसरा पडदा जागा होतो, म्हणून मॉनिटरवर उघडलेल्या खिडक्या हलतात. मुलाने कामासाठी मांडलेलं सगळं विस्कटतं, त्याची चिडचिड समजण्यासारखी आहे. लॅपटॉप कप्प्यातून बाहेर आला की तुम्हाला उघडावं लागणारच नाही.

प्रश्न : मी विरारहून चर्चगेटला कॉलेजला जातो. घरून निघताना लॅपटॉप बंद करून बॅगेत टाकतो. गाडीत बॅग पुढे छातीला लावलेली असते. बोरिवली येईपर्यंत बॅग गरम लागायला लागते आणि कॉलेजात उघडला की बॅटरी अर्धी. मी तर बंद केलेला असतो, मग तापतो कसा? बॅटरी खराब आहे का?
— एक विद्यार्थी, विरार

उत्तर : दुकानात कुणी असं सांगितलं की मी पहिला प्रश्न विचारते, तो तुलाही विचारते : मिटला होतास की बंद केला होतास? आपल्या बोलण्यात दोन्हीला 'बंद केला' म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. तू बहुधा मिटला होतास.

मिटल्यावर लॅपटॉप झोपतो असं आपण धरून चालतो. डोळे मिटले म्हणजे झोप लागलीच असं माणसाचंही नसतं. पूर्वीच्या झोपेत प्रोसेसर पूर्ण थांबायचा, फक्त मेमरीला थोडी वीज मिळायची. विंडोज १० पासून बऱ्याच नव्या लॅपटॉपांत वेगळी झोप आली, तिला मॉडर्न स्टँडबाय म्हणतात. मोबाइलसारखी, म्हणजे पडदा काळा, पण आतून अधूनमधून जागं होऊन मेल बघणं, अपडेट उतरवणं चालू. टेबलावर हे खपून जातं. बॅगेत, दोन वह्या आणि डबा यांच्या मध्ये, चेन लावलेली, आणि विरार फास्टच्या गर्दीत तुझ्या छातीशी दाबलेली, अशा जागी एखादं अपडेट अडकलं आणि प्रोसेसर जागाच राहिला, तर उष्णतेला जायला कुठेच वाट नाही. पहिल्या पत्रातल्या शोकेसपेक्षा ही जागा वाईट, कारण तिथे पुढून तरी उघडं होतं. पंखा फिरला तरी तीच हवा फिरवत राहणार.

दुसरी एक शक्यता बघ. तू घरी मॉनिटर वापरण्यासाठी 'झाकण मिटल्यावर काहीही करू नको' अशी सेटिंग केली आहेस का? ती अडॅप्टर लावलेला असतानासाठी वेगळी आणि बॅटरीवर वेगळी असते. बरेच जण अडॅप्टर लावलेला असतानाच झाकण मिटतात आणि मग पिन काढून बॅगेत टाकतात. झाकण मिटलं त्या क्षणी लॅपटॉपने 'काही करायचं नाही' हे ठरवून टाकलेलं असतं, आणि काही मशीन नंतर पिन काढली तरी जागीच राहतात. म्हणून आधी पिन काढ, मग मीट.

सगळ्यात चांगलं म्हणजे कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये जा, झाकण मिटल्यावर काय करायचं ते विचारणारी ओळ शोध आणि बॅटरीसाठी हायबरनेट निवड. हायबरनेटमध्ये उघडलेलं सगळं काम डिस्कवर लिहून मशीन खरोखर बंद होतं. कॉलेजात उघडल्यावर काही सेकंद जास्त लागतील, पण फायली जशा सोडल्या तशा सापडतील. यादीत हायबरनेट दिसत नसेल तर त्याच पानावर वर 'सध्या उपलब्ध नसलेल्या सेटिंग बदला' अशा अर्थाची ओळ आहे, तिच्यावर क्लिक केलं की खाली चौकट येते. तिथे खूण कर.

मिटल्यावर लगेच बॅगेत कोंबू नकोस. पायात बूट घालेपर्यंत टेबलावर राहू दे. पंख्याचा आवाज थांबला, कडेचा दिवा विझला, की मग भर. एवढं करूनही बोरिवलीला बॅग गरम लागली तर बॅटरी तपासू, त्याआधी तिला दोष देऊ नकोस. आणि कधी बॅग छातीला चटका बसेल इतकी तापली, किंवा गोडसर, रसायनासारखा वास आला, तर पुढच्या स्टेशनला उतर आणि लॅपटॉप बॅगेतून बाहेर काढून मोकळ्या जागी, लोकांपासून दूर ठेव. लेक्चर एक बुडालं तर बुडू दे.

प्रश्न : माझा लॅपटॉप उघडा असतो, मी टाइप करत असते आणि मध्येच पडदा काळा होतो. जोरात तापल्यामुळे बंद पडतो असं एकाने सांगून पंखा बदलला, पैसे घेतले, पण फरक नाही. हात बाजूला केला की कधीकधी आपोआप चालू होतो. काय असेल?
— एक वाचक, गोरेगाव

उत्तर : 'हात बाजूला केला की' हे तुम्ही लिहिलंत, त्याबद्दल आभार. उत्तर त्यातच आहे. तुम्ही हातात चुंबकाची फिरकी असलेलं ब्रेसलेट किंवा घड्याळाचा तसा पट्टा घालता का?

झाकण मिटलं हे लॅपटॉपला कळतं ते चुंबकामुळे. पडद्याच्या चौकटीत एक छोटा चुंबक असतो आणि खाली, आपण मनगट टेकतो त्या भागात किंवा कडेला, त्याला ओळखणारा सेन्सर. चुंबक जवळ आला की झाकण मिटलं असं धरून मशीन झोपतं. सेन्सरला तुमच्या ब्रेसलेटचा चुंबक आणि झाकणातला चुंबक यांतला फरक कळत नाही. तापून बंद पडलेला लॅपटॉप हात हलवल्याने कधीच परत चालू होत नाही, तो बटण दाबूनच चालू करावा लागतो.

उद्या ब्रेसलेट काढून दिवसभर काम करून बघा. मोबाइलला मागे चुंबकी रिंग किंवा तसं कव्हर असेल तर तोही लॅपटॉपवर ठेवू नका. आणि ऑफिसात एखाद्या मिटलेल्या लॅपटॉपवर तुमचा लॅपटॉप ठेवून काम करत असाल, तर खालच्याच्या झाकणातला चुंबकही हेच करतो. तो वरून काढा, म्हणजे खालची जाळीही मोकळी होईल.